सैनिकाची मूठ

या, मित्रांनो, जरा पुढे सरका. अगदी माझ्या कडेला टेकलात तरी चालेल. मी लाकडाची आहे, मला काही होत नाही. जोडे मात्र दाराबाहेर काढून या, कारण आज मी सांगणार आहे ती गोष्ट पायांची आहे. दोनशे वर्षं हरवलेल्या एका माणसाची आहे, आणि तो सापडला कसा याचीही आहे. रडायचं कारण नाही. मध्ये एकदा डोळे भरून आलेच तर पुसा आणि पुढे ऐका. शेवट गोड आहे.

मी एक जुनी पिठाची पेटी आहे. स्कॉटलंडच्या पार उत्तरेला, समुद्राकाठच्या एका गावात, दोलीना मॅके आणि तिचा थोरला भाऊ हेक्टर यांच्या स्वयंपाकघरात दाराजवळ माझी जागा आहे. माझा जन्म मात्र इथला नाही. इथून बारा मैल आत फेरना नावाची दरी आहे. तिथल्या दलदलीत युगानुयुगं बुडून काळंभोर झालेलं एक पाइनचं खोड इअन नावाच्या म्हाताऱ्यानं दोरखंड लावून वर काढलं, फळ्या पाडल्या, आणि एकही खिळा न ठोकता, नुसत्या खाचा आणि लाकडी खुंट्या यांवर मला उभं केलं. त्याची मुलगी बाराबल हिच्या लग्नातली मी भेट. "माझी पोर उपाशी राहणार नाही," एवढंच तो म्हणाला आणि माझ्या झाकणावर थाप मारून निघून गेला. त्या थापेचा नाद अजून माझ्या फळ्यांत आहे.

बाराबलचं लग्न नील मॅकेशी झालं. नीलच्या बापाचं नावही इअनच. आता इथं एक गंमत आहे, ती ध्यानात ठेवा. आमच्याकडे पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव ठेवायचं आणि दुसऱ्याला आईच्या बापाचं. हा नेम मोडायचा म्हणजे एका आजोबाला भरल्या ताटावरून उठवायचं. बाराबलला पहिला मुलगा झाला, त्याचं नाव इअन. तीन वर्षांनी दुसरा झाला, त्याचंही नाव इअन! एका छपराखाली दोन इअन. मग थोरल्याला म्हणायचे इअन मोर आणि धाकट्याला इअन बेक. मोर म्हणजे तुमचा पिसारा फुलवणारा मोर नव्हे हो. आमच्या भाषेत मोर म्हणजे मोठा आणि बेक म्हणजे लहान.

"इअन, गाय आण रे!" असं नीलनं दारातून ओरडावं आणि दोघांनी चुलीजवळून म्हणावं, "त्याला सांगितलंय." बाराबल म्हणायची, "दोन इअन असून माझ्या घरात एकही इअन नाही!" आणि स्वतःच गाय आणायला जायची.

आता माझ्या कामाचं सांगते. शरद ऋतूत गिरणीतून ओटचं पीठ यायचं, अजून कोमट असलेलं. ते सैल भरलं तर त्याला किडे लागतात, कुबट वास येतो. म्हणून ते माझ्यात थराथरानं घालायचं आणि तुडवून तुडवून दगडासारखं घट्ट करायचं. हे काम मुलांचं. ओढ्यावर जाऊन गुडघ्यापर्यंत पाय घासायचे, आईला नखं दाखवायची, मग आई काखेत धरून मुलाला माझ्यात सोडायची. आणि ती मुलं नाचायची! वर स्तोत्राची चाल, खाली पिठाचा मऊ धप्प-धप्प. देवळात ते स्तोत्र डोळे मिटून म्हणायचे आणि माझ्यात पाय आपटून. देवाला दोन्ही सारखंच पोचत असणार.

मूल सात वर्षांचं झालं की त्याला पहिल्यांदा पीठ तुडवायला मिळायचं. त्या दिवशी नील त्याचं डावं पाऊल माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूला टेकवून धरायचा आणि सुरीच्या टोकानं भोवती रेघ कोरायचा. खाली नावाची अक्षरं. हे एकदाच व्हायचं, आयुष्यातून एकदा. मोरचं पाऊल कोरलं, खाली लिहिलं 'इ. मो.' तीन वर्षांनी बेकचं कोरलं, खाली 'इ. बे.' आणि नील खो खो हसत सुटला. "बाराबल, इकडे ये! आपल्या लहान्याचं पाऊल मोठ्यापेक्षा बोटभर लांब निघालंय!"

पुढे तेच झालं. बेक ताडासारखा वाढला, दारातून वाकून येऊ लागला. मोर आपल्या बापाच्या छातीपाशीच थांबला. नावं मात्र तीच राहिली. थोरला तो थोरला आणि धाकटा तो धाकटा. उंची काय, घोड्यालाही असते.

मग एका वसंतात दरीच्या मालकाचा कारभारी आला. मालकाला पलटण उभी करायची होती, प्रत्येक घरातून एक मुलगा हवा होता. त्याच्या यादीत लिहिलं होतं, 'इअन, नील मॅके याचा मुलगा.' एवढंच. मोरचं लग्न होऊन दोन महिने झाले होते. त्याची बायको शालीचं टोक तोंडात धरून कोपऱ्यात उभी होती. मोर पुढे झाला. तेवढ्यात बेक वाकून दारातून आत आला आणि म्हणाला,

"इअन हवाय ना? मग मी इअनच आहे."

कारभाऱ्यानं वर पाहिलं, आणखी वर पाहिलं, आणि खूश होऊन यादीवर खूण केली.

जाताना बाराबलनं त्याची पिशवी भरली, ती माझ्या डाव्या कोपऱ्यातल्या पिठानं. बेकनं त्या खळग्यावर हात ठेवला. "आई, हा कोपरा माझा. तुडवू नका कोणी. मी परत येऊन तुडवीन." त्या दिवसापासून बाराबल पीठ भरायची ते पहिली मूठ त्या कोपऱ्यात टाकून. त्या मुठीला ती म्हणायची, सैनिकाची मूठ. आणि तो कोपरा तिनं कधी कोणाला तुडवू दिला नाही.

चार वर्षं गेली. मग मालकाला माणसांपेक्षा मेंढ्या बऱ्या वाटू लागल्या आणि त्यानं दरी रिकामी करवली. घराचं छप्पर उतरवताना मी अंगणात उभी होते. माझं वजन दोन माणसांचं. बुटक्या मोरनं मला दोरीनं पाठीला बांधलं आणि बारा मैल समुद्राकाठापर्यंत चालत आणलं. त्या दिवशी मला कळलं, त्याला मोठा का म्हणायचं ते.

इथं समुद्राकाठी मोर जोडे शिवू लागला, एकाहत्तर वर्षांचा होऊन आपल्या अंथरुणात गेला. बाराबल त्याच्या कितीतरी आधी गेली. जाण्याच्या आदल्या दिवशीसुद्धा तिनं भिंत धरत येऊन मूठ टाकली होती. पण बेक काही आला नाही.

मित्रांनो, मग माझेही दिवस पालटले. पीठ कागदी पिशव्यांतून येऊ लागलं. मुलांच्या पायांची गरज उरली नाही. दोलीनाची आजी जेसी फार टापटिपीची बाई. तिला माझ्या झाकणाचं आतलं काळं लाकूड ओंगळ वाटलं, म्हणून तिनं त्यावर गुलाबाच्या फुलांचा भिंतीचा कागद चिकटवला. झालं! पावलं गेली गुलाबांखाली. माझ्या पोटात रद्दी आली, लोकरीचे गुंडे आले, एकदा मांजरीनं चार पिल्लं घातली. वर दूधवाल्याचे डबे. एकच गोष्ट टिकली. माझ्या डाव्या बाजूला अजून थोडं ओटचं पीठ ठेवत आणि नवी पिशवी ओतण्याआधी पहिली मूठ डाव्या कोपऱ्यात टाकत. जेसीनं टाकली, तिच्या सुनेनं टाकली, आता दोलीना टाकते. कोणता सैनिक, हे मात्र सगळे विसरले.

हेक्टर आता ऐंशीचा आहे. गावच्या चर्चमध्ये स्तोत्राची ओळ उचलायचं काम त्याच्याकडे. तो एकटा ओळ म्हणतो, मग सगळे ती ओळ धरतात, जो तो आपल्या वळणानं, आणि लाटांवर लाटा याव्यात तसं छप्पर भरून जातं. शिवाय त्याला नऊ पिढ्यांची वंशावळ तोंडपाठ. "हेक्टर, ह्यूचा; ह्यू, विल्यमचा..." असं करत तो इअन मोर, नीलचा, इथपर्यंत जातो आणि त्याच्याही पलीकडे. पण वंशावळीच्या ओळीत बाप येतो, मित्रांनो, काका येत नाही. बेकला बायको-मुलं इथं नव्हती, म्हणून त्याचं नाव कोणाच्या ओळीत आलं नाही.

दोघा बहीणभावांनी लग्नं केली नाहीत. दोलीना कधीकधी माझ्यावर हात ठेवून म्हणायची, "आपल्यामागे हिला कोण विचारणार रे?" हेक्टर म्हणायचा, "चुलीत जाईल. चांगली जळेल." तो थट्टा करायचा, पण जाताजाता त्याचाही हात माझ्यावरून फिरायचा.

आणि गेल्या ऑक्टोबरात एका सकाळी दारात एक माणूस उभा राहिला. दार भरून गेलं. आत येताना त्यानं मान वाकवली, आणि माझी खुंटी न् खुंटी थरारली. असं वाकून दरीतल्या आमच्या जुन्या घरात एकच जण येत असे.

त्याचं नाव लॉखलन मॅके. कॅनडाच्या केप ब्रेटन बेटावरून आलेला. तिथं हिवाळ्यात रस्त्यांवरचं बर्फ सारणारी गाडी चालवतो. वय साठ, दाढी पांढरी, हातात कागदांची जाडजूड पिशवी. जोडे त्यानं दाराशीच काढले. दोलीनाला तेवढ्यानंच तो आवडला.

"माझ्या खापरपणज्याचा बाप इथला सैनिक होता," तो म्हणाला. "जॉन मॅके. पाच दऱ्यांतून उठवलेल्यांची घरं पालथी घातली. हे शेवटचं."

"जॉन मॅके!" हेक्टर हसला. "अहो, या किनाऱ्यावर दगड उचला, खाली जॉन मॅके निघेल."

तुम्हाला सांगायला हवं, आमचा इअन सरकारी कागदात शिरला की त्याचा जॉन होतो.

लॉखलननं फौजेतून मोकळं केल्याच्या दाखल्याची नक्कल पुढे ठेवली. जॉन मॅके, जन्मगाव असं काही लिहिलेलं की कारकुनानं ते कानानं ऐकून हातानं बिघडवलेलं. उंची सहा फूट दोन इंच. "लढाई संपल्यावर तो घरी परत आला होता," लॉखलन म्हणाला. "घरात आजीपासून चालत आलेली गोष्ट आहे. छप्पर नव्हतं. उंबऱ्यात खाजरं गवत वाढलं होतं. एक परका मेंढपाळ भेटला, त्याला आमची भाषा येईना. त्यानं नुसतं समुद्राकडे बोट दाखवलं. याला वाटलं, सगळी जहाजात बसून गेली. म्हणून हाही जहाजात बसला. आईला शोधायला."

मित्रांनो! मला तोंड असतं तर! तो आला होता. त्या मेंढपाळानं दाखवलेलं बोट बरोबरच होतं. समुद्रापर्यंतच जायचं होतं, त्याच्या पलीकडे नव्हे. आई इथं काठावर बसून त्याचा कोपरा राखत होती.

"आणि त्याला घरात काय म्हणायचे?" दोलीनानं विचारलं.

"इअन बेक. आता सहा फूट दोन इंचाच्या माणसाला लहान का म्हणायचे, देव जाणे. थट्टा असणार."

"असणारच," हेक्टर म्हणाला. "आमच्या पूर्वजाला इअन मोर म्हणायचे आणि तो होता एवढासा. मुलाचे जोडे घालायचा. आमचे लोक असेच, टक्कल असलं की त्याला झुलपेवाला म्हणतील."

दोघं मनापासून हसले. उत्तर दोघांच्या मध्ये टेबलावर बसलं होतं आणि दोघंही त्याच्या डोक्यावरून हसत होते!

"तुमच्या या मोरला भाऊ होता का?" लॉखलननं विचारलं.

"नाही. नऊ पिढ्या पाठ आहेत मला. आणि चर्चच्या वहीतही नीलचा एकच इअन आहे. तो जोडे शिवायचा, एकाहत्तराव्या वर्षी गेला, त्या टेकडीवर आहे. घरी मेलेला माणूस परदेशी कसा मरेल? आमच्या घरात सैनिक झालाच नाही."

लॉखलननं मान हलवली. वहीच्या त्या पानाची नक्कल त्याच्याकडेही होती. त्यानं कागद एकेक करून पिशवीत भरले. "अकराची बस गाठतो," तो म्हणाला. "तुमचं दार पाहिलं तेव्हा उगीच वाटलं होतं... जाऊ द्या."

"उपाशी नाही जायचं," दोलीना म्हणाली. "लापशी करते." तिनं माझं झाकण उघडलं, नवी पिशवी फोडली आणि सवयीनं पहिली मूठ कोपऱ्यात टाकली.

"हे काय केलंत?" लॉखलननं विचारलं.

"हे होय? सैनिकाची मूठ."

"कोणता सैनिक?"

दोलीनाचा हात तसाच राहिला. तिनं हेक्टरकडे पाहिलं. आयुष्यभर टाकलेल्या मुठीकडे ती पहिल्यांदाच बघत होती.

"उगीच काहीतरी बायकांचं," हेक्टर पुटपुटला, पण त्याची मान खाली गेली.

लापशी झाली, खाल्ली. बसची वेळ झाली. लॉखलन दाराशी गेला. आणि जोडे घालायला माझ्यावर बसला.

दोनशे वर्षांत माझ्यावर इतकं वजन कोणी टाकलं नव्हतं. मी सोसलं असतं. खरं सांगते, सोसलं असतं. पण मला वाटलं, आता नाही तर कधी नाही. कडाड! झाकण मधोमध तडकलं.

"अरे देवा!" लॉखलन उडी मारून उठला. कानापर्यंत लाल झाला. "तुमची पेटी मोडली मी! मी दुरुस्त करून देतो, आत्ता करतो..."

"मेली जुनीच आहे," दोलीना म्हणाली. पण डोळ्यांत पाणी आलं तिच्या.

हेक्टरनं झाकण वर केलं, तडा किती खोल गेला ते बघायला. गुलाबांचा कागद फाटून लोंबत होता. त्यानं तो बाजूला केला. मग आणखी थोडा ओढला. आणि ऐंशी वर्षांचा तो माणूस गुडघ्यांवर बसला.

"दोली, चष्मा दे."

"तुझ्या कपाळावरच आहे."

त्यानं चष्मा खाली ओढला. फळीवर सगळ्यांत वर दोन लहान पावलं होती, दोन्ही डावी. त्यानं एकावर बोट ठेवून वाचलं, "इ. मो." दुसऱ्यावर ठेवलं. "इ. बे." मग दोन्हींवर वीत धरून पाहिली आणि म्हणाला, "दोली, बेकचं पाऊल मोरपेक्षा मोठं आहे."

दोलीनानं कपाळाला हात लावला. "अरे, दोन आजोबा! दोन्ही आजोबा इअन! आपल्या शाळेत नव्हत्या का त्या दोन बहिणी, दोघी मार्गारेट? मोर म्हणजे मोठा नव्हे रे गाढवा, थोरला! बेक म्हणजे धाकटा! नऊ पिढ्या पाठ म्हणे!"

लॉखलननं पिशवी उपडी केली. चर्चच्या वहीचं पान निघालं. इअन, नील मॅके याचा मुलगा. आणि तीन वर्षांनंतरच्या जागी पुन्हा, इअन, नील मॅके याचा मुलगा. त्या दुसऱ्या ओळीवर कोणा नीटनेटक्या लिहिणाऱ्यानं रेघ मारली होती आणि कडेला लिहिलं होतं, 'चुकून दुबार.' लॉखलननं ती ओळ शंभरदा पाहिली होती आणि शंभरदा सोडून दिली होती. आता त्यानं ती तारीख दाखल्यातल्या वयाशी ताडून पाहिली. जुळली.

हेक्टर हळू आवाजात म्हणाला, "माणसाच्या वहीत रेघ पडते. देवाच्या वहीत खोडाखोड नसते."

आणि दोलीना? तिनं त्या आडदांड माणसाचा हात धरला. आतापर्यंत अहो-जाहो करणारी ती बाई म्हणाली, "जोडे काढ. कुठं निघालास? घरी आलास ना तू?"

बस गेली. तिचा भोंगा आम्ही सगळ्यांनी ऐकला आणि कोणी हललं नाही.

दोलीनानं शेजारणीला दुकानात पिटाळलं आणि ओटच्या पिठाच्या होत्या नव्हत्या तेवढ्या पिशव्या मागवल्या. रद्दी बाहेर, लोकर बाहेर. मला आतून पुसलं. लॉखलनला तिनं बाहेरच्या नळावर पाठवलं. "गुडघ्यापर्यंत घास! नखं दाखव!" साठ वर्षांचा माणूस ओळीनं दहा नखं दाखवत उभा राहिला.

"मोडेल ती," तो म्हणाला.

"तळ नाही मोडायचा," हेक्टर म्हणाला. "बेकच्या आजोबानं केलाय तो."

तो माझ्यात उतरला. डाव्या कोपऱ्यात. हेक्टरनं कानावर हात ठेवला आणि स्तोत्राची पहिली ओळ उचलली. लॉखलनचे पाय क्षणभर थांबले. मग त्याच्या तोंडून पुढचा स्वर आपोआप बाहेर पडला, तीच चाल, तेच वळण, फक्त एका जागी जराशी वेगळी मुरकी. "आजी अशीच म्हणायची," तो म्हणाला, आणि पुन्हा धरली. दोलीनानं धरली. दारात उभ्या शेजारणीनं धरली. वर स्तोत्र, खाली धप्प-धप्प, आणि पीठ उडून चौघांच्या भुवया पांढऱ्या. मी? मी तुडवली जात होते आणि मला वाटत होतं, मीच गातेय.

हेक्टरनं नंतर झाकणाला दोन चामडी पट्ट्या मारून तडा सांधला. गुलाबाचा कागद पुन्हा लावला नाही. त्याची वंशावळही आता तो थोडी बदलून म्हणतो. इअन मोरपाशी आला की थांबतो आणि म्हणतो, "आणि त्याचा भाऊ इअन बेक, जो त्याच्या जागी गेला." लॉखलन या वसंतात नातीला घेऊन येणार आहे. ती सात वर्षांची होतेय. नीलची सुरी नाही उरली, पण हेक्टरनं आपली धार लावून ठेवली आहे.

तर मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तू फेकण्याआधी एकदा त्यांचं झाकण उघडून आत बघा. कागदावरची खोडलेली ओळ सोडून देऊ नका, तिच्याखाली कोणीतरी उभं असेल. आणि तुमची आई, आजी कारण न सांगता एखादी गोष्ट रोज करत असेल, तर तिला हसू नका. तिला विचारा. तिलाही ठाऊक नसेल तर तुम्ही तरी ती मोडू नका.

आणि एवढं माझ्यासाठी करा. पुढच्या वेळी पिठाच्या डब्यात हात घालाल, तेव्हा पहिली मूठ हातात असताना बाराबलची आठवण काढा. तिचा मुलगा घरी पोचला, असं तिला सांगा.